टर्मिनलमधली टिपणवही : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या प्रश्नांमागचं दुखणं बहुतेक एकच आहे. कमांड एकदा मिळालेली असते, कामही झालेलं असतं, पण चार महिन्यांनी तीच लागते तेव्हा ती कुठे ठेवली ते आठवत नाही. उत्तरं लिनक्सचं टर्मिनल गृहीत धरून दिली आहेत. मॅक आणि विंडोज वेगळं वागतात तिथे तसं सांगितलं आहे. कमांड आणि त्यांचे पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत लिहायचे. मोठं अक्षर लागतं तिथे 'कॅपिटल' असं म्हटलं आहे.

माझ्या कमांड चार ठिकाणी विखुरल्या आहेत: स्वतःलाच पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज, मोबाइलमधले स्क्रीनशॉट, एक लांबलचक गूगल डॉक आणि ब्राउझरचे बुकमार्क. सगळं एका जागी आणायला बसलो की दोन दिवसांत उत्साह संपतो. सुरुवात कुठून करू?
— सॉफ्टवेअर अभियंता, पिंपरी-चिंचवड

जुना साठा आवरायला बसूच नका. त्यातलं बरंचसं पुन्हा कधी लागणार नाही, आणि लागणारं कोणतं हे आज ओळखता येत नाही. होम फोल्डरमध्ये 'नोट्स' नावाचं एक फोल्डर करा आणि स्वतःला एकच नियम घाला: जुन्या ठिकाणाहून काही शोधून काढावं लागलं, तर काम उरकल्यावर तेवढंच इकडे आणायचं. काही आठवड्यांत नेहमी लागणाऱ्या गोष्टी आपोआप गोळा होतात.

फोल्डरच्या आत फोल्डर नकोत. 'लिनक्स', त्यात 'नेटवर्क', त्यात 'एसएसएच' अशी उतरंड रचली की एसएसएच बोगद्यातून (दूरच्या यंत्राशी केलेल्या सुरक्षित जोडणीतून) डेटाबेसला जोडण्याची कमांड नेटवर्कमध्ये ठेवायची की डेटाबेसमध्ये, यावर वेळ जातो; शोधताना पुन्हा तोच प्रश्न. सपाट फोल्डर, एका साधनाची एक फाइल: गिट.एमडी, टार.एमडी, पोस्टग्रेस.एमडी, एनजिनएक्स.एमडी. एकाहून जास्त साधनं लागणारी कामं असतील तर फाइलला कामाचंच नाव द्या, उदाहरणार्थ 'डिस्क-भरली'.

फाइलची नावं रोमन, छोट्या अक्षरांत आणि शब्दांमध्ये जोडरेघ. नावात स्पेस असली की 'फाइंड'ने शोधलेल्या फाइलींची यादी ती पुढच्या कमांडला पोचवणाऱ्या 'एक्सआर्ग्ज'ला दिल्यावर एका नावाचे दोन तुकडे होतात. अक्षरांच्या आकाराचंही भान हवं. मॅकची फाइलप्रणाली मूळ मांडणीत लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, त्यामुळे लिनक्सवर शेजारी नांदणाऱ्या कॅपिटल जीच्या आणि छोट्या जीच्या 'गिट.एमडी' तिथे एकमेकींवर आदळतात.

मजकूर साधा, मार्कडाउनमध्ये (मथळे वगैरे साध्या चिन्हांनी दाखवायची पद्धत, फाइलचं शेपूट .एमडी). मथळ्याला एक नव्हे, दोन हॅश द्या. शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, कॉमेंटही एका हॅशनेच सुरू होतात, म्हणून एका हॅशवर शोधलं तर मथळे आणि कॉमेंट एकत्र येतात. फाइलीत मजकूर शोधणारी कमांड म्हणजे ग्रेप: ग्रेप '^## ' गिट.एमडी असं म्हटलं की फाइलची अनुक्रमणिका समोर.

स्क्रीनशॉट टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या साधनाने मजकुरात बदलता येतात, पण कमांडसाठी ते भरवशाचं नाही. रोमन छोटा एल आणि आकडा एक, कॅपिटल ओ आणि शून्य यांत तो गोंधळतो. कमांड हाताने टाइप करा. गूगल डॉकमधून कॉपी करताना अवतरणचिन्हं पाहा: वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणं वळणदार करतात, आणि शेलच्या लेखी वळणदार अवतरण म्हणजे एक साधं अक्षर. मग स्पेस असलेलं नाव दोन वेगळे शब्द म्हणून जातं आणि एरर भलतीच येते. ग्रेप -एन '[“”‘’]' ~/नोट्स/*.एमडी ही कमांड अशा ओळी दाखवते.

टिपण करते, पण सहा महिन्यांनी माझंच मला कळत नाही. एकेका नोंदीत नेमकं काय असावं?
— संगणकशास्त्राची विद्यार्थिनी, नागपूर

मथळ्यात अडचणीचे शब्द, खाली खरोखर चाललेली कमांड, मग ती कुठे फसते ते, शेवटी तारीख आणि आवृत्ती. नमुना:

## जुन्या लॉग फाइल काढणे, डिस्क फुल, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस
फाइंड /व्हार/लॉग/ॲप -टाइप एफ -नेम '*.लॉग' -एमटाइम +३० -प्रिंट
आधी यादी पाहा. बरोबर असेल तरच -प्रिंटच्या जागी -डिलीट.
फसतं: -डिलीट कायम शेवटी. आधी लिहिलं तर पुढच्या अटी तपासायच्या आतच फाइल जातात.
फसतं: +३० म्हणजे किमान ३१ दिवस जुनं, दिवसाचा अपूर्णांक सोडून दिला जातो.
तपासलं: उबुंटू २४.०४, जानेवारी २०२५

यातला मथळा नीट पाहा. व्याकरणाने तो वाक्य नाही, मुद्दामच नाही. अडकल्यावर तुमच्या मनात जे शब्द येतील ते सगळे त्यात आहेत, आणि एररचे शब्द पडद्यावर दिसतात तसेच, रोमन लिपीत. "लॉग व्यवस्थापन" असा नेटका मथळा वाचायला बरा वाटतो, पण रात्री अकरा वाजता सर्व्हर बंद पडल्यावर "व्यवस्थापन" हा शब्द कुणी शोधत नाही.

बदलायच्या जागा कोनी कंसात लिहायची सवय सोडा. ती पेस्ट झाली की शेलला ते रीडायरेक्शन वाटतं आणि "अशी फाइल नाही" अशी दिशाभूल करणारी एरर येते. जागा कॅपिटल अक्षरांत लिहा: फाइलचं नाव, डेटाबेसचं नाव. ओळीच्या सुरुवातीचं डॉलर चिन्हही नोंदीत नको, कारण तेही कमांडचा भाग म्हणून पेस्ट होतं. 'आरएम -आरएफ' किंवा 'ड्रॉप टेबल' अशा ओळींपुढे मात्र हॅश ठेवाच, म्हणजे चुकून पेस्ट झाल्या तरी चालणार नाहीत. मॅकवर २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून झेडशेल हे मूळ शेल आहे आणि ते टर्मिनलवर टाइप केलेली हॅशची ओळ कॉमेंट मानत नाही, "कमांड सापडली नाही" म्हणतं. नुकसान होत नाही. तरी खटकत असेल तर शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या .झेडशआरसी फाइलमध्ये 'सेटऑप्ट इंटरॲक्टिव्हकॉमेंट्स' लिहा.

शेवटची एक शिफारस: नोंदीत लांब पर्याय लिहा. -आर आज आठवतो. --रिकर्सिव्ह पाच वर्षांनीही वाचूनच कळतो.

ग्रेपने शोधलं की एक तर दोनशे ओळी येतात, नाही तर एकही नाही. रिपग्रेप आणि एफझेडएफ यांची नावं ऐकतो. ते घेतल्याने खरंच फरक पडतो का?
— सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, नाशिक

आधी ग्रेपच नीट बसवा. .बॅशआरसीमध्ये (मॅकवर .झेडशआरसीमध्ये) हे एका ओळीचं फंक्शन:

टी() { ग्रेप -आर -आय -एन --इनक्लूड='*.एमडी' -ई "$*" ~/नोट्स; }

महिरपी कंस उघडल्यावरची स्पेस आणि तो मिटण्यापूर्वीचा अर्धविराम गाळले तर शेल फंक्शन स्वीकारत नाही. "$*" मुळे अनेक शब्द अवतरणांशिवाय देता येतात: टी नो स्पेस लेफ्ट. -ई हवा कारण तुम्ही कधी तरी '-प्रून' असा काही पर्याय शोधाल, आणि -ई नसेल तर ग्रेप तो स्वतःचाच पर्याय समजतो. चौकोनी कंस, तारा, बिंदू असलेला मजकूर जसाच्या तसा शोधायचा असेल तर कॅपिटल -एफ. आजूबाजूच्या ओळी हव्या असतील तर कॅपिटल -सी ३.

"एकही नाही" याचं मूळ बहुधा वेगळंच असतं. ग्रेप ओळीगणिक शोधतो. 'डिस्क' मथळ्यात आणि 'लॉग' चौथ्या ओळीत असेल तर दोन्ही शब्द एकत्र मागितल्यावर काही मिळत नाही. तेव्हा दोन टप्पे: ग्रेप -आरएल डिस्क ~/नोट्स | एक्सआर्ग्ज ग्रेप -आयएल लॉग. वरच्या उत्तरात सगळे शब्द मथळ्याच्या एकाच ओळीत कोंबायला सांगितले, ते याचसाठी.

अँड्र्यू गॅलंट यांचा रिपग्रेप, म्हणजे आरजी, २०१६पासून आहे. तो वेगवान आहे, पण काही शे टिपणांच्या फोल्डरमध्ये तो वेग जाणवत नाही. मोठ्या कोडमध्ये जाणवतो. आणि त्याची एक खोड माहीत हवी: लपवलेल्या फाइल आणि .गिटइग्नोअरमध्ये नोंदलेल्या फाइल तो न सांगता वगळतो. टिपण डोळ्यांसमोर आहे आणि आरजीला सापडत नाही, असं झालं तर -यूयू लावून पाहा.

एफझेडएफची गोष्ट निराळी. तो खरंच घ्यावा. आरजी --लाइन-नंबर . ~/नोट्स | एफझेडएफ असं चालवलं की सगळ्या ओळी समोर येतात आणि तुम्ही टाइप करत जाल तशी यादी आक्रसते. शब्दांचा क्रम उलटा झाला तरी चालतं, स्पेसने तोडलेला प्रत्येक तुकडा ओळीत असला की झालं. नेमका शब्द आठवत नाही, अंधूकसं काही आठवतं, अशा वेळी ग्रेप हात टेकतो तिथे हे कामी येतं. डेबियन-उबुंटूवर अशी साधनं बसवताना नावांकडे लक्ष असू द्या: 'बॅट' तिथे 'बॅटकॅट' म्हणून येतं आणि 'एफडी' हे 'एफडीफाइंड' म्हणून, कारण ती छोटी नावं दुसऱ्या पॅकेजांनी आधीच घेतलेली आहेत.

मी स्पष्टीकरणं मराठीत लिहितो. शब्द फाइलमध्ये दिसतोय, तोच टाइप करून शोधतोय, आणि ग्रेप म्हणतो नाही. हे काय गौडबंगाल?
— प्राध्यापक, अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगली

दिसणं एक आणि साठवणं एक, असं मराठीत दोन-तीन ठिकाणी घडतं. ग्रेप डोळ्यांना दिसणारं अक्षर पाहत नाही, युनिकोडच्या क्रमांकांची माळ पाहतो.

पहिली जागा 'ॲ'. युनिकोडमध्ये याला स्वतःचा क्रमांक आहे, ०९७२. तो २००८च्या ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीपासून आणि आजही अनेक कीबोर्ड 'अ' अधिक चंद्र अशी दोन चिन्हांची जोडी देतात. पडद्यावर 'ॲरे' आणि 'अॅरे' सारखेच. युनिकोड या दोन रूपांना समतुल्य मानत नाही, त्यामुळे नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एनएफसी, इथे उपयोगाचं नाही. प्रोग्रामिंगच्या टिपणांत ॲप, ॲरे, ॲडमिन, ॲड्रेस यांचा सुळसुळाट असल्याने सर्वांत जास्त फटका याचाच बसतो. शोधताना ग्रेप कॅपिटल -ई '(ॲ|अॅ)रे'. चौकोनी कंसातला गट इथे चालणार नाही. दुसरं रूप दोन कोडपॉइंटचं, म्हणजे दोन युनिकोड क्रमांकांचं आहे आणि चौकोनी कंस एका वेळी एकच जुळवतो.

दुसरी जागा 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र. नवीन पद्धतीत तो ऱ (क्रमांक ०९३१) अधिक हलन्त असा साठवला जातो. जुन्या फाँटांतून रूपांतर केलेल्या मजकुरात आणि काही कीबोर्डांवर तो साधा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक, क्रमांक २००डी, असा येतो. हा जोडक दिसत नाही, जागाही घेत नाही. इथेही एनएफसी हात लावत नाही. एनएफसीने सुटतो तो तिसरा प्रकार: र अधिक नुक्ता. आयसीयू या युनिकोडच्या साधनसंचातल्या 'यूकॉन्व्ह -एक्स एनी-एनएफसी'तून फाइल काढली की ती जोडी ०९३१ होते. पहिल्या दोन प्रकारांसाठी 'सेड'ची अदलाबदल सरसकट सगळ्या टिपणांवर एकदा चालवा, आधी प्रत काढून. त्यानंतर कोणत्याही एकाच कीबोर्डने लिहा, नाही तर महिन्याभरात पुन्हा तेच. 'सेड -आय' मॅकवर जसाच्या तसा चालत नाही. तिथल्या बीएसडी सेडला -आयनंतर रिकामी अवतरणं लागतात.

नियमित पदावलीतला (शोधाच्या नमुन्यातला) बिंदूही जपून वापरा. तो एक कोडपॉइंट जुळवतो, एक अक्षर नव्हे. 'की' म्हणजे दोन कोडपॉइंट. आणि लोकेल, म्हणजे यंत्राची भाषा-लिपीची मांडणी, नुसतं 'सी' असेल तर बिंदू एकच बाइट धरतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटचं असतं. 'लोकेल' ही कमांड देऊन तपासा. छोट्या सर्व्हरवर किंवा डॉकर कंटेनरमध्ये भारतीय लोकेल बसवलेलं नसतं; तिथे लँग=सी.यूटीएफ-८ बहुतेक वेळा पुरतं. फाइलचं नावच मराठी असेल तर 'गिट स्टेटस' त्याऐवजी उलट्या तिरक्या रेघांचे आकडे दाखवतो. गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स, की नाव दिसू लागतं.

एवढं सगळं केलं तरी 'फाइल' की 'फाईल', 'सर्व्हर' की 'सर्वर' हा प्रश्न राहतोच, आणि तो युनिकोडचा नाही. म्हणून आमचं मत: समजावणं मराठीत लिहा, खुशाल सविस्तर लिहा. पण साधनांची नावं, तांत्रिक संज्ञा आणि एरर रोमनमध्ये ठेवा. शोध त्यांच्यावर चालतो.

कमांडची माहिती देणारं मॅन पेज आहे, नेहमीची उदाहरणं देणारं टीएलडीआर आहे, आता विचारलं की उत्तर देणारी एआय साधनंही आहेत. स्वतःची टिपणं ठेवायचं कारण उरलंय का?
— वाचक, ठाणे

सर्वसाधारण उदाहरणासाठी नाही. 'टार'ने फोल्डर कसं गुंडाळायचं हे टीएलडीआर नेमकं सांगतं, ते उतरवून घेण्यात अर्थ नाही. कमांडचं नावच आठवत नसेल तर 'मॅन -के' आणि एखादा इंग्रजी शब्द द्या, इंटरनेटही लागत नाही. टिपणात हवं ते यांतल्या कुणालाच माहीत नसलेलं: तुमच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस ५४३२ऐवजी कोणत्या पोर्टवर ऐकतो, कोणत्या क्रमाने सेवा सुरू केल्या तर दुसरी पहिलीची वाट पाहत अडकते, मागच्या वेळी मिळालेल्या तीन उत्तरांपैकी तुमच्याकडे कोणतं चाललं. एआयकडून आलेली कमांड चालवून पाहिल्याशिवाय नोंदवू नका. नसलेले पर्याय त्यात फार आत्मविश्वासाने लिहिलेले असतात.

हिस्टरीत सगळं असतंच, वेगळं का लिहायचं, असं माझे सहकारी म्हणतात. पण माझ्या हिस्टरीतून कमांड गायब होतात.
— डेटा ॲनालिस्ट, छत्रपती संभाजीनगर

गायब होण्याची कारणं ठरलेली आहेत. बॅश, म्हणजे लिनक्सचं नेहमीचं शेल, मूळ मांडणीत ५०० कमांड ठेवतं, उबुंटूच्या तयार .बॅशआरसीमध्ये हाच आकडा चालू सत्रासाठी १००० आणि फाइलसाठी २००० केलेला असतो. शिवाय फाइलमध्ये लिहिणं टर्मिनल नीट बंद होताना होतं. लॅपटॉप अचानक बंद पडला की त्या सत्रातलं सगळं जातं. 'हिस्टअपेंड' चालू नसेल तर शेवटी बंद केलेलं टर्मिनल आधीच्यांच्या नोंदींवर स्वतःच्या लिहितं. उपाय चार ओळींचा: हिस्टसाइझ आणि हिस्टफाइलसाइझ दोन्ही -१ (बॅश ४.३पासून याचा अर्थ अमर्याद), 'शॉप्ट -एस हिस्टअपेंड', आणि प्रॉम्प्ट_कमांडमध्ये 'हिस्टरी -ए', म्हणजे प्रत्येक कमांडनंतर फाइलमध्ये नोंद. ही व्हेरिएबलची नावं सगळी कॅपिटल.

शोधायला कंट्रोल-आर. मागे जाताना हवी ती ओळ निसटली म्हणून कंट्रोल-एस दाबलं आणि टर्मिनल गोठलं, तर घाबरू नका, कंट्रोल-क्यू दाबा.

तरीही हिस्टरी म्हणजे टिपण नव्हे. तीत चुकलेले सात प्रयत्न आणि जमलेला आठवा एकाच तोंडवळ्याचे असतात. जमल्या क्षणी 'एफसी -एलएन -१ >> ~/नोट्स/इनबॉक्स.एमडी' द्या, नुकतीच चाललेली कमांड फाइलच्या शेवटी जाते. याला दोन अक्षरी एलियस (छोटं पर्यायी नाव) करा आणि आठवड्यातून एकदा इनबॉक्स योग्य फाइलींत वाटून टाका.

ऑफिसचा लॅपटॉप, घरचा पीसी आणि एक क्लाउड सर्व्हर. टिपणं तिन्हीकडे सारखी कशी ठेवू? गिटवर टाकायला भीती वाटते, कारण काही ठिकाणी पासवर्डही लिहिलेले आहेत.
— बॅकएंड डेव्हलपर, बेळगाव

भीती रास्त आहे, तेव्हा क्रम उलटा करा: पासवर्ड आधी, गिट नंतर. ग्रेप -आरएनआय कॅपिटल -ई 'पासवर्ड|सीक्रेट|टोकन|प्रायव्हेट की' असं सगळ्या फोल्डरवर चालवा (शब्द अर्थातच रोमनमध्ये). ॲमेझॉनच्या क्लाउडची कायमस्वरूपी ॲक्सेस की 'एकेआयए' या चार कॅपिटल अक्षरांनी सुरू होते, तीही शोधा. सापडेल तिथे गुपिताऐवजी ते कुठे ठेवलं आहे ते लिहा: 'पास शो काम/डेटाबेस'. 'पास' हे साधन प्रत्येक पासवर्ड जीपीजीने बंद करून वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं. पोस्टग्रेससाठी .पीजीपास फाइल आहे, पण तिची परवानगी ६०० हवी. इतरांना वाचता येत असेल तर पीएसक्यूएल तिच्याकडे दुर्लक्ष करतं आणि पासवर्ड विचारत बसतं.

हे झाल्यावरच 'गिट इनिट'. आधीच कमिट (गिटच्या इतिहासात नोंद) झालं असेल तर फाइल काढून पुन्हा कमिट करण्याने काही साधत नाही, जुन्या कमिटमध्ये मजकूर तसाच राहतो. आणि पुश झालेलं, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर पाठवलेलं, गुपित फुटलं असंच धरा: सर्वांत आधी ती की किंवा पासवर्ड बदला. इतिहास 'गिट फिल्टर-रेपो'ने धुणं त्यानंतरचं काम. अनेकजण दोन तास इतिहास धूत बसतात आणि की तशीच चालू ठेवतात.

गिटहबवर खासगी रिपॉझिटरी फुकट मिळतात. १३ ऑगस्ट २०२१पासून तिथे टर्मिनलवरून खात्याचा पासवर्ड चालत नाही. एसएसएच की किंवा टोकन लागतं. तुमच्याकडे सर्व्हर आहेच, तर 'गिट इनिट --बेअर'ने तिथे रिकामं भांडार करून एसएसएचवरूनच पुश करणं जास्त सुटसुटीत. ऑफिसच्या यंत्रणेची माहिती असलेली टिपणं मात्र वैयक्तिक भांडारात नकोत. ती वेगळ्या फोल्डरमध्ये, ऑफिसच्याच यंत्रावर ठेवा. वरच्या टी() फंक्शनमध्ये दोन्ही फोल्डरांचे पत्ते देता येतात.

रोजचा नेम: काम सुरू करताना 'गिट पुल --रीबेस', संपताना कमिट आणि पुश. दोन यंत्रांवर एकाच फाइलच्या शेवटी भर पडली की संघर्ष होणारच. .गिटॲट्रिब्यूट्समध्ये '*.एमडी मर्ज=युनियन' ही ओळ घातली तर गिट दोन्हीकडच्या ओळी ठेवून मोकळा होतो. भर घालण्यासाठी हे झकास आहे. पण तीच ओळ दोन्हीकडे सुधारली असेल तर दोन्ही रूपं एकाखाली एक राहतात आणि कुणी सांगतही नाही, म्हणून मर्जनंतर त्या फाइलींवर नजर टाका. कोडच्या फाइलींना हा पर्याय कधीच लावू नका.

ऑफिसचा संगणक विंडोजचा, नवीन काही बसवायची परवानगी नाही. पॉवरशेलमध्ये बाणाने ओळी जोडत गेले आणि आता फाइलमध्ये मधूनच कचरा दिसतो.
— वाचक, कोल्हापूर

विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ दोन बाणांनी जोडलेला मजकूर यूटीएफ-१६मध्ये लिहितं, आधीची फाइल कशात आहे हे न पाहता. यूटीएफ-८च्या फाइलला अशी शेपटी लागली की एडिटरला अर्धा भाग वाचता येत नाही. लिनक्सवर नेल्यास ग्रेप "बायनरी फाइल" म्हणून हात वर करतो. पुढे बाण वापरू नका: ॲड-कंटेंट -एन्कोडिंग यूटीएफ८. वाचताना गेट-कंटेंटलाही तोच पर्याय द्या, नाही तर देवनागरी चुकीची उमटते. पॉवरशेल ७मध्ये सगळीकडे यूटीएफ-८ आहे, पण ते वेगळं बसवावं लागतं.

बिघडलेली फाइल पूर्ण यूटीएफ-१६ असेल तर 'आयकॉन्व्ह'ने एका फटक्यात बदलते. अर्धी-अर्धी असेल तर ते जमत नाही. चांगला भाग उचलून नवीन फाइल करा आणि शेपटी पुन्हा टाइप करा. शोधासाठी: गेट-चाइल्डआयटम -रिकर्स -फिल्टर *.एमडी | सिलेक्ट-स्ट्रिंग, पुढे शब्द. सिलेक्ट-स्ट्रिंगला स्वतःचा रिकर्स पर्याय नाही, म्हणून दोघांची जोडी लागते. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद तो मुळातच करत नाही.

तीन वर्षांची टिपणं आहेत. कोणती शिळी झाली हे कसं ओळखायचं? तारखेने फाइंड केलं तर सगळ्या एकाच दिवशीच्या दिसतात.
— डेव्हऑप्स अभियंता, पणजी

नव्या यंत्रावर 'गिट क्लोन' केलंत, म्हणून. गिट फाइलींच्या मूळ वेळा साठवत नाही. क्लोन झालेल्या क्षणाचीच वेळ सगळ्यांना लागते. खरी तारीख गिटलाच विचारा: गिट लॉग -१ --फॉरमॅट=%सीएस -- फाइलचं नाव. प्रत्येक फाइलसाठी 'फॉर'च्या फेऱ्यात हे चालवून 'सॉर्ट'मधून काढलं की सर्वांत जुनी वर येते. नोंदीतली "तपासलं" ही ओळ इथे जास्त कामाची, कारण टंकदोष सुधारला तरी गिटची तारीख ताजी होते.

जुनं म्हणजे शिळं असं नाही. 'ऑक'ची वीस वर्षांपूर्वीची ओळ आजही चालते. शिळं होतं ते बहुधा पॅकेज बसवण्याचं आणि सेवांशी जोडण्याचं. डेबियन १२पासून पायथनची पॅकेज बसवणारं 'पिप इन्स्टॉल' थेट प्रणालीवर चालवलं तर "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" अशी एरर येते आणि आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावं लागतं. जोडरेघवाल्या 'डॉकर-कंपोज'च्या पहिल्या आवृत्तीचा आधार जुलै २०२३मध्ये संपला. आता मध्ये स्पेस असलेलं 'डॉकर कंपोज'. गिट २.२३पासून शाखा बदलायला 'स्विच' आहे, पण 'चेकआउट'ही चालतं, म्हणजे ती नोंद जुनी असली तरी चुकीची नाही.

अशा नोंदी पुसू नका. सेंटओएस ७चा आधार ३० जून २०२४ला संपला, तरी ते चालवणारे सर्व्हर अजून भेटतात आणि तिथे जुनीच कमांड लागते. मथळ्याच्या सुरुवातीला 'जुनं' हा शब्द टाका, कोणत्या आवृत्तीपर्यंत चालतं ते लिहा आणि नवी कमांड तिच्या वर ठेवा. रोजच्या शोधात ती नको असेल तर टी()च्या निकालापुढे '| ग्रेप -व्ही जुनं' जोडा. याने फक्त मथळ्याची ओळ गळते, खालची कमांड दिसतच राहते; पूर्ण नोंद लपवायची असेल तर ती 'गिट-जुनं' अशा वेगळ्या फाइलमध्ये हलवा (नाव रोमनमध्ये, टी()च्या --इनक्लूडमध्ये बसणार नाही असं शेपूट देऊन).